वाय वाय झेड ही अर्थहीन अक्षरं नव्हेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेचा. तार खात्यात चाळीस वर्षं नोकरी केली आणि २००९ साली निवृत्त झालो. आपलं दैनिक माझ्या घरी वडिलांच्या काळापासून येतं. आपल्याला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि ते बरंच लांबणार आहे याची मला कल्पना आहे. तरी पूर्ण वाचावं, ही विनंती.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतातल्या मानवंदना अल्बमांवर लेख आला. एखाद्या नावाजलेल्या बँडची गाणी दुसऱ्या दहा-पंधरा नामवंतांनी मिळून वाजवायची आणि तो अल्बम त्या बँडला अर्पण करायचा, या प्रथेवर लेखकाने टीका केली आहे. उदाहरण म्हणून त्यांनी कॅनडातल्या 'रश' या बँडच्या सन्मानार्थ १९९६ मध्ये निघालेला 'वर्किंग मॅन' हा अल्बम घेतला. मूळ गाणी बाजारात मिळत असताना ही नक्कल कशासाठी, हा त्यांचा मुख्य प्रश्न. दुसऱ्याच्या नावावर आपली पोळी भाजून घेण्याचा हा प्रकार आहे, असंही ते म्हणतात. आणि जाता जाता एक वाक्य आहे, की या मंडळींच्या गाण्यांची नावंसुद्धा कशीही असतात, जसं 'वाय वाय झेड' ही तीन अर्थहीन अक्षरं.

त्या वाक्यापाशी मी थांबलो. पेपर खाली ठेवला आणि टेबलावर बोटाने ती अक्षरं वाजवली.

वाय म्हणजे डा-डि-डा-डा. झेड म्हणजे डा-डा-डि-डि. मोर्सच्या लिपीत लांब ठोक्याला आम्ही डा म्हणायचो आणि आखूड ठोक्याला डि. विशीत असताना ही लिपी इतकी घोटून घेतली होती, की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचतानाही बोटं हलायची. 'वाय वाय झेड' या गाण्याची सुरुवात म्हणजे शब्दशः हीच अक्षरं आहेत. वाय, पुन्हा वाय, मग झेड. आधी रशचे ड्रमवादक नील पिअर्ट यांनी छोट्या पितळी तबकड्यांवर, आपल्या टाळांसारखा नाद असलेल्या, ती वाजवली आहेत. मग तोच मजकूर बास गिटार, गिटार आणि ड्रम्स मिळून पाठवतात. मी मुद्दाम 'पाठवतात' म्हणतो, कारण मला ते तसंच ऐकू येतं.

ही तीन अक्षरं म्हणजे टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळाचं सांकेतिक नाव. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक बॅगेच्या चिठ्ठीवर ती छापलेली असतात. विमानतळाजवळचं रेडिओयंत्र आपली ओळख मोर्समध्ये अखंड पाठवत राहतं, म्हणजे वैमानिकाला कळतं की आपण योग्य ठिकाणी येतो आहोत. रशचे गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन हे परवानाधारक वैमानिक. विमानातून घरी परतताना कानावर पडलेल्या त्या संकेतातून या गाण्याचा ठेका सुचला. विमानतळाची जागा म्हणजे पूर्वीचं माल्टन गाव, आणि वाय-झेड ही मूळची तिथल्या रेल्वेच्या तार ऑफिसची खूण, असं कॅनडात सांगतात. म्हणजे माझ्यासारख्याच कुणा तारबाबूने ती खूण आयुष्यभर दाबली असेल. कॅनडातली माणसंही शेवटच्या अक्षराला आपल्यासारखंच झेड म्हणतात, शेजारच्या अमेरिकेसारखं झी नाही.

या संगीताशी माझा संबंध कसा आला, ते सांगतो. माझा मुलगा १९९७ मध्ये नोकरीसाठी तिकडे गेला. मिसिसॉगा म्हणून गाव आहे, विमानतळाला लागूनच. कारखान्यात त्याच्याशेजारी काम करणाऱ्या एका कॅनडियन माणसाने त्याला ही 'वर्किंग मॅन'ची सीडी दिली. त्याने आधी मानवंदना ऐकली आणि मग मूळ बँड. आपल्या लेखकांना हा क्रम उलटा वाटेल, पण माझ्या ओळखीत असे अनेक आहेत ज्यांनी मोठ्या गवयाची चीज आधी गावातल्या शिक्षकाकडून ऐकली आणि मग तिच्या उगमापर्यंत गेले.

मी २०१० मध्ये पहिल्यांदा तिकडे गेलो. नातू तेव्हा तेरा वर्षांचा होता, शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवायचा. जानेवारीचे दिवस होते, बाहेर पडायची सोय नव्हती. मी वरच्या खोलीत पडलो होतो आणि खाली तळघरात त्याचा सराव चालला होता. सरावाच्या पॅडवर काठीने एकच तुकडा पुन्हा पुन्हा. झोपेच्या काठावर असताना माझ्या डोक्यात आपोआप अक्षरं उमटायला लागली. वाय, वाय, झेड. वाय, वाय, झेड. मी उठून बसलो. तार ऑफिसातल्या मोर्सच्या किल्लीवर शेवटचा हात ठेवून मला वीसेक वर्षं झाली होती, कारण पुढे सगळं टंकयंत्रासारख्या टेलिप्रिंटरवर गेलं. मी खाली गेलो आणि त्याला म्हणालो, "तू वाय वाय झेड का पाठवतोयस?"

त्याच्या हातातल्या काठ्या थांबल्या. "आजोबा, तुम्हाला गाण्याचं नाव कसं कळलं?"

मला गाणं माहीत नव्हतं. मी फक्त मजकूर घेतला होता.

त्या दिवशी आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून हिशेब मांडला. डि म्हणजे एक, डा म्हणजे दोन. वाय मध्ये दोन, एक, दोन, दोन, म्हणजे सात. दुसरा वाय सात. झेड म्हणजे दोन, दोन, एक, एक, म्हणजे सहा. सात, सात आणि सहा मिळून वीस. मी तबला शिकलेलो नाही, पण मिरजेत जन्म गेल्यावर बोटांवर मात्रा मोजायची सवय लागतेच. झपतालाच्या दहा मात्रा, दुगुणीत वीस. नातवाच्या पुस्तकात तेच पाश्चात्त्य पद्धतीने पाचच्या मापात लिहिलं होतं. मी हाताने झपताल धरला, दोन-तीन-दोन-तीन, आणि त्याने त्यावर वाय वाय झेड वाजवलं. त्याच्या सात-सात-सहाचे कोपरे माझ्या टाळ्यांना कुठेच जुळत नव्हते, पण दर आवर्तनाला समेवर आम्ही दोघं एकत्र यायचो. पाच-सहा आवर्तनं झाली असतील. सूनबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती.

मग त्याने मला दोन्ही ऐकवली. आधी मूळचं, १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बममधलं, आणि मग 'वर्किंग मॅन'मधलं. विचारलं, "आजोबा, कुठलं चांगलं?"

तेव्हा मी त्याला जे उत्तर दिलं, तेच मला आपल्या लेखकांना द्यायचं आहे. त्यासाठी तार ऑफिसातली एक गोष्ट सांगावी लागेल.

मोर्समध्ये मजकूर ठरलेला असतो. ग्राहकाने फॉर्मवर जे लिहिलं त्यातलं एक अक्षरही बदलायचा अधिकार तारबाबूला नाही. तरीही लाइनवर पहिले पाच ठोके पडले की पलीकडे कोण बसलंय हे आम्हाला कळायचं. याला आम्ही 'हात' म्हणायचो. सांगलीच्या एकाचा हात घाईचा होता, त्याच्या दोन शब्दांत श्वास घ्यायला जागा नसायची. पुण्याच्या एकाचा हात छापल्यासारखा स्वच्छ. कोल्हापूर लाइनवर रात्रपाळीला एकजण असायचा, त्याचा डा जरा लांबायचा, जणू बोट उचलायला मन होत नाही. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं.

१९७८ च्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या हाताने एक तार आली. पत्त्यात माझंच नाव होतं. नाव पुरं झाल्यावर तो थांबला आणि विचारलं, कोण घेतंय? मी माझी खूण दिली. थोडा वेळ लाइन गप्प होती. मग त्याने मजकूर पाठवला. फादर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली. चार शब्द. मिनिटाला पंचवीस शब्दांनी पाठवणाऱ्या त्या हाताने ते चार शब्द इतके सावकाश पाठवले, की प्रत्येक अक्षर मी पुरतं ऐकल्यावरच पुढचं आलं. मजकुरात काडीचा बदल नव्हता. फॉर्मवर मी तेच चार शब्द लिहिले, वेळ टाकली, सही केली. पण त्या हाताने मला जे सांगितलं ते फॉर्मवर कुठेच उतरलं नाही, आणि आज सत्तेचाळीस वर्षांनीही मी ते विसरलेलो नाही.

नातवाला मी म्हणालो, मजकूर दोघांचा तोच आहे. हात वेगळा आहे. चांगला कुठला हा प्रश्न नाही, दुसरा हात तुला ओळखू येतो का ते सांग. आला तर ती मानवंदना. नाही आला तर कार्बन कॉपी.

या कसोटीवर 'वर्किंग मॅन' अल्बम सगळाच उतरतो, असं मी म्हणणार नाही. मी तो बऱ्याच वेळा ऐकला आहे. काही गाण्यांत वाजवणारे मूळ गाण्याला इतके चिकटून चालतात की हात दिसतच नाही. काही ठिकाणी गिटारवाल्यांना जरा उसंत मिळाली की ते धावत सुटतात, आणि मूळ बँडने जिथे जागा मोकळी सोडली होती ती भरून टाकतात. ते मला आवडत नाही. इथवर मी आपल्या लेखकांच्या बाजूचा. पण 'नॅचरल सायन्स' हे गाणं डेव्हिन टाउनसेंड यांनी गायलं आहे, ते ऐकावं. मूळ गायक गेडी ली यांचा आवाज उंच आणि धारदार. टाउनसेंड त्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांचा गळा खरवडणारा आहे, जणू गाणं आतून ओढून काढताहेत. पहिल्यांदा ऐकताना मी दचकलो होतो. पण शब्द तेच, स्वरांची वाट तीच, आणि हात पूर्णपणे त्यांचा.

'पोळी भाजून घेणं' या आरोपाबद्दल. अल्बम काढणारी मॅग्ना कार्टा ही अमेरिकेतली छोटी कंपनी, आणि नव्वदच्या दशकात तिने जेनेसिस, येस, पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल अशा बँडांवरही मानवंदना काढल्या. धंदा होता, हे उघड आहे. पण या अल्बमवर आलेली माणसं पाहावीत. अल्बमचं शीर्षकगीत म्हणणारे सेबॅस्टियन बाख हे स्किड रो या बँडचे तेव्हाचे गायक, लहानाचे मोठे झाले ते ओंटारिओ प्रांतातल्या पीटरबरोत. दुसरे एक गायक जेम्स लब्री याच प्रांतातले. टाउनसेंड कॅनडाच्या दुसऱ्या टोकाचे, ब्रिटिश कोलंबियाचे. म्हणजे ही पोरं ज्यांची गाणी ऐकत वाढली त्यांचीच ती म्हणत होती. अनेक गाण्यांवर ड्रम्स वाजवणारे माइक पोर्टनॉय अमेरिकन. त्यांची एक हकिकत प्रसिद्ध आहे. बॉस्टनला संगीत शिकत असताना ते आणि त्यांचे दोन मित्र रशच्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी रांगेत उभे होते, टेपवर रशचंच गाणं चालू होतं, आणि त्या गाण्याचा शेवट किती भव्य, 'मॅजेस्टिक' आहे, असं पोर्टनॉय म्हणाले. त्या शब्दावरून त्यांनी आपल्या नव्या बँडचं नाव 'मॅजेस्टी' ठेवलं. तोच बँड पुढे ड्रीम थिएटर म्हणून जगभर गाजला. तिकिटाच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा दहाएक वर्षांनी त्याच बँडची गाणी वाजवायला बसतो, तेव्हा त्याला निव्वळ धंदा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आमच्या मिरजेत याला एक शब्द आहे. हजेरी. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर आणि मोठेपणी रात्रपाळी बदलून घेऊन मी ती ऐकत आलो. गायक येतात ते 'हजेरी लावायला' येतात. खाँसाहेबांची नक्कल करायला कुणी येत नाही, आणि केली तर जाणकार मान खाली घालतात. खाँसाहेबांच्याच किराणा घराण्याचा गायकही तिथे आपल्या गळ्याने, आपल्या विचाराने गातो, इतर घराण्यांचे तर गातातच. आपल्याकडे जे आहे ते मोठ्या माणसासमोर नेऊन ठेवायचं, एवढंच. 'वर्किंग मॅन'मधल्या चांगल्या गाण्यांत मला हीच हजेरी दिसते.

आणि हजेरी लावणारा स्वतः बदलतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द नील पिअर्ट यांचंच आहे, ते लेखात नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कला बडी रिच यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. बडी रिच म्हणजे जॅझमधले अफाट ड्रमर, १९८७ मध्ये गेले. त्या कार्यक्रमात पिअर्ट वाजवायला बसले आणि आपल्या वाजवण्यावर नाराज होऊन उठले. तोवर रशचे लाखो अल्बम खपले होते, ड्रमवादनात त्यांचं नाव आदराने घेतलं जात होतं. ती सल मनात ठेवून त्यांनी १९९४ मध्ये बडी रिच यांच्या सन्मानार्थ स्वतःच एक मोठा अल्बम निर्माण केला, 'बर्निंग फॉर बडी'. एकेका गाण्याला एकेक नामांकित ड्रमर बोलावला. म्हणजे ज्यांच्या नावाने दोन वर्षांनी 'वर्किंग मॅन' निघाला, ते स्वतः अशाच मानवंदनेचे यजमान होते.

त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी स्टीव स्मिथ नावाच्या ड्रमरचा हात पाहून पिअर्ट थक्क झाले. हा माणूस पूर्वी असा वाजवत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, ते फ्रेडी ग्रूबर या वयस्कर गुरूंकडे शिकताहेत. पिअर्ट तेव्हा बेचाळीस वर्षांचे. ते ग्रूबर यांच्याकडे गेले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. काठी धरायची पद्धत बदलली, बैठक बदलली, हालचाल मुळापासून बदलली. महिनोन्महिने घरी रोज सराव केला. तीस वर्षं एका पद्धतीने घडलेला हात मोडून दुसऱ्या पद्धतीने घडवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मोर्सवरून टेलिप्रिंटरवर बदली झाली तेव्हा माझ्या बरोबरीच्या काहींनी त्या वयात नवा हात नको म्हणून दुसरं काम मागून घेतलं होतं. पिअर्ट यांना तर कुणी सक्तीही केली नव्हती. नव्या हाताने वाजवलेला रशचा 'टेस्ट फॉर एको' १९९६ च्या सप्टेंबरात आला. ज्या वर्षी धाकटे वादक त्यांचा जुना हात डोळ्यांसमोर ठेवून हजेरी लावत होते, त्याच वर्षी त्यांनी स्वतः तो हात बाजूला ठेवला होता. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं, आणि दर वेळी वाटतं.

पुढच्याच वर्षी त्यांची तेव्हाची एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी पत्नी कॅन्सरने गेली. त्यांनी वाजवणं सोडलं, मोटरसायकलवरून हजारो मैल एकटे फिरत राहिले. रश पुन्हा एकत्र येऊन नवा अल्बम आला तो २००२ मध्ये. मधल्या काळात हा बँड संपला असंच लोक धरून चालले होते. माझा मुलगा तिकडे नवा होता, त्याला कोणीच नव्हतं, आणि त्या वर्षांत त्याच्या गाडीत ही मानवंदनेची सीडी वाजायची.

बँडच्या तिघांपैकी दोघांविषयी एक गोष्ट मुलाने सांगितली ती मला फार जवळची वाटली. गेडी ली यांचे आईवडील पोलंडमधले ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडाला आलेले. आई ज्या उच्चाराने 'गॅरी' म्हणायची, त्यावरून मुलाचं नाव 'गेडी' पडलं. लाइफसन यांचं घर सर्बियन, आणि लाइफसन हे आडनाव म्हणजे त्यांच्या मूळ आडनावाचा इंग्रजीत केलेला अर्थ. परदेशात आईच्या उच्चारातून बदललेलं नाव काय असतं, हे माझ्या नातवाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता आपल्या लेखकांच्या मुख्य प्रश्नाकडे. मूळ असताना नक्कल कशाला? तर मूळ हात आता नाही. नील पिअर्ट ७ जानेवारी २०२० रोजी मेंदूच्या कॅन्सरने गेले. गाणी मात्र राहिली. २०२२ च्या सप्टेंबरात लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दुसऱ्या एका दिवंगत ड्रमरच्या, टेलर हॉकिन्स यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला. तिथे ली आणि लाइफसन यांनी 'वाय वाय झेड' वाजवलं, आणि ड्रम्सवर होते ओमर हकीम. नातवाने मला ते फोनवर पाठवलं. मी कानाला लावून बसलो. पहिल्या आवर्तनातच कळलं की हा पिअर्ट यांचा हात नाही. अंगाने जॅझचा हात, मोकळा. पण वाय वाय झेड स्पष्ट वाचता येत होतं, एक डि इकडचा तिकडे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या दोघांनी जाहीर केलं की २०२६ मध्ये ते पुन्हा दौरा करणार आहेत, आणि ड्रम्सवर असतील आनिका निलेस, जर्मनीच्या. म्हणजे १९९६ मध्ये त्या मुलांनी जे केलं, दुसऱ्याचा मजकूर आपल्या हाताने पाठवणं, तेच आता खुद्द बँडच्या मंचावर घडणार आहे. ते झालं नाही तर ही गाणी फक्त यंत्रावर ऐकायची उरतील.

एक छोटी तक्रारही आहे. लेखात अल्बमवरच्या गायकांची नावं आली, वादकांची जवळजवळ नाहीत. सीडीच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली कोणी काय वाजवलं हे छापलेलं आहे. आपल्याकडच्या स्मृतिसंध्यांच्या जाहिरातींतही दिवंगत गायकाचा फोटो मोठा असतो आणि तबलजी, पेटीवाले यांची नावं शोधावी लागतात. आयुष्यभर पडद्याआड बसून दुसऱ्यांचे निरोप पोचवले, म्हणून असेल, मला हे लागतं. पुढे असा लेख छापाल तेव्हा वादकांची नावं द्यावीत.

२०१३ च्या जुलैत देशातली तार सेवा बंद झाली. त्या दिवशी मी आणि माझे दोन जुने सहकारी इथल्या ऑफिसात शेवटची तार करायला गेलो होतो. गर्दी होती, तरुण मुलं आठवण म्हणून तारा करत होती. मी नातवाला मिसिसॉगाला तार करणार होतो, पण परदेशी तारा आधीच बंद झाल्या होत्या. मग घरी येऊन फोन लावला आणि तो पलीकडे बोलण्याआधीच फोनच्या तोंडाशी पेन्सिलीने तीन अक्षरं वाजवली. पलीकडून त्याने तीच परत पाठवली. त्याचा डा जरा लांबतो. मला कोल्हापूरची लाइन आठवली.

नातू आता अठ्ठावीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, शनिवारी मित्रांबरोबर वाजवतो. आपल्या पुरवणीचं कात्रण मी त्याला पाठवलं नाही. दुरुस्ती छापून आली की दोन्ही एकत्र पाठवीन. जागेची अडचण असेल तर हे सगळं पत्र गाळावं, पण एवढी ओळ छापावी: 'वाय वाय झेड' हे टोरोंटो विमानतळाचं सांकेतिक नाव असून गाण्याची सुरुवात हीच अक्षरं मोर्स लिपीत वाजवून होते, डा-डि-डा-डा, डा-डि-डा-डा, डा-डा-डि-डि.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त तारबाबू, मिरज